स्थलनामांकित खाद्यपेयें : नांवाची साक्ष कितपत ग्राह्य ?

१

खाण्यापिण्याच्या पदार्थांच्या नांवांत गांवांचीं व देशांचीं नांवें पुष्कळ वेळां आढळतात. मोसंबी, काबुली चणे, सिमला मिरची, मोखा कॉफी, धारवाडी पेढे हीं उदाहरणें कोणासहि सहज सुचतील. अशा नांवांवर मराठींत वरचेवर लेख येतात व ते वाचकांस आवडतातहि. परंतु त्यांपैकीं बहुतेकांत एक प्रमेय सिद्ध आहे असें गृहीत धरलेलें असतें. तें असें कीं, पदार्थाच्या नांवांत ज्या स्थळाचें नांव, तेंच त्या पदार्थाचें जन्मस्थान. हें प्रमेय प्रमाणांच्या कसोटीस कितपत उतरतें, तें तपासून पाहावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

तपासण्यास निमित्तहि तसेंच घडलें. आमच्या बाजूच्या एका बाजारपेठेच्या गांवीं खव्याचे पेढे उत्तम होतात. त्या पेढ्यांस भौगोलिक मानांकन मिळावें म्हणून तेथील कांहीं मंडळी खटपट करीत आहेत. मानांकनाच्या अर्जांत मालाच्या उगमाविषयीं ऐतिहासिक पुरावा मागतात. त्याकरितां हे गृहस्थ गेल्या वर्षीं मजकडे आले आणि म्हणाले, “गुरुजी, पेढ्याला आमच्या गांवाचें नांव आहे, हाच मोठा पुरावा. शिवकालापासून हा पेढा इथलाच, एवढ्या दोन ओळी आपल्या सहीनें लिहून द्या.” मीं त्या दिल्या नाहींत. मंडळी नाराज होऊन परत गेली. आणि ती नाराजी मला गैरहि वाटली नाहीं, कारण त्यांत कित्येक हलवाई कुटुंबांच्या चरितार्थाचा प्रश्न होता. ज्यानें नकार दिला, त्यानें आपलीं कारणेंहि जाहीरपणें मांडावीं, हें न्याय्य होय.

शिवाय ह्या बाबतींत मी स्वतः निर्दोष नाहीं. शाळेंत शिकवीत असतांना ‘पेरू हें फळ पेरू देशांतून आलें, म्हणून त्याचें नांव पेरू’ असें मीं तीस वर्षें मुलांस सांगितलें. त्याची दुरुस्ती पुढें यथास्थळीं केली आहे.

२

स्थळावरून वस्तूस नांव पडतें, म्हणजे नेमकें काय होतें, ह्याचा सूक्ष्म विचार आपल्या वैयाकरणांनीं फार पूर्वीं करून ठेविला आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीच्या चौथ्या अध्यायांतील तिसऱ्या पादांत स्थलवाचक शब्दांस तद्धित प्रत्यय कोणकोणत्या अर्थीं लागतात, तें क्रमानें सांगितलें आहे. त्या ठिकाणीं जन्मलेलें, हा एक अर्थ. त्या ठिकाणीं असणारें, हा दुसरा. त्या ठिकाणाहून आलेलें, हा तिसरा. ह्यांखेरीज, त्या ठिकाणाशीं कोणत्याहि नात्यानें जोडलेलें, असा एक व्यापक अर्थहि आहेच. अर्थ भिन्न असले तरी पुष्कळदां प्रत्यय एकच असतो. स्रुघ्न नगरावरून होणारा ‘स्रौघ्न’ हा शब्द तेथें जन्मलेल्यास, तेथें राहणाऱ्यास आणि तेथून आलेल्यास सारखाच लागतो. तात्पर्य, केवळ शब्दरूपावरून ह्यांतील कोणता अर्थ अभिप्रेत आहे तें ठरत नाहीं ; तें प्रकरणावरून व इतर प्रमाणांवरून ठरवावें लागतें.

ह्याच पादांत वैदूर्य रत्नाच्या नांवाची व्युत्पत्ति आहे. विदूर ह्या स्थळावरून हें नांव साधलें आहे. त्यावर महाभाष्यांत पतंजलि शंका उपस्थित करतो कीं, हें रत्न निघतें वालवाय पर्वतांतून, आणि विदूर येथें त्यावर केवळ संस्कार होतो. मग त्यास विदूराचें नांव कां? समाधानाच्या ओघांत तो व्यापाऱ्यांच्या बोलीचा दाखला देतो. व्यापारी वाराणसीस ‘जित्वरी’ म्हणतात, तसेंच हेंहि समजावें. म्हणजे जन्म एके ठिकाणीं, घडण दुसऱ्या ठिकाणीं, आणि नांव बाजाराच्या तोंडचें, ही वस्तुस्थिति दोन हजार वर्षांपूर्वींच आपल्या शास्त्रकारांच्या ध्यानांत आली होती. आम्ही मात्र तो पाठ परीक्षेपुरता घोकला आणि व्यवहारांत विसरलों.

पुढील विवेचनाच्या सोयीकरितां स्थलनामांकित पदार्थांचे तीन वर्ग करूं : जातार्थी, म्हणजे त्या स्थळीं उत्पन्न होणारे, संस्कारार्थी, म्हणजे त्या स्थळीं तयार होणारे, आणि आगतार्थी, म्हणजे त्या स्थळाहून किंवा त्या मार्गानें आलेले.

३

जातार्थी नांवें मुळींच नसतात, असें माझें म्हणणें नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्रांतील सुराध्यक्षाच्या प्रकरणांत द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ म्हटलें असून, कापिशायन व हारहूरक हीं त्याचीं नांवें त्याच्या देशावरून पडलीं आहेत, असें स्पष्ट सांगितलें आहे. कापिशी नगरीवरून कापिशायन हा शब्द साधण्याकरितां पाणिनीनें स्वतंत्र सूत्रच घातलें आहे, आणि वृत्तिकारांनीं त्याच्या उदाहरणांत मद्याबरोबर द्राक्षांचाहि उल्लेख केला आहे. ही कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेस असलेलें आजचें बेग्राम होय. त्या प्रांतीं द्राक्षांची लागवड प्राचीन आहे. येथें शब्द, ग्रंथ व भूमि ह्या तिन्हींची साक्ष जुळते, म्हणून निर्णय करतां येतो.

केशराचें प्रकरण इतकें सोपें नाहीं. अमरकोशांत केशरास ‘काश्मीरजन्म’ असें नांव आहे. जन्म हा शब्दच नांवांत असल्यामुळें वाद मिटला, असें प्रथमदर्शनीं वाटतें. काश्मीरांत पांपूरच्या पठारावर आजहि केशर पिकतें, हेंहि खरें. परंतु केशराचें झाड मूळचें ग्रीस देशाच्या बाजूचें, असा अलीकडील वनस्पतिशास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. तेव्हां ‘काश्मीरजन्म’ ह्या पदाचा अर्थ आपल्या बाजारांत येणारा माल काश्मीरांत पिके, इतकाच घ्यावा लागतो. पीक आणि जाति ह्यांचें जन्मस्थान एकच असतें असें नाहीं. त्याच कोशांत केशरास ‘बाह्लीक’ असेंहि नांव आहे ; आणि मौज अशी कीं, हिंगासहि ‘बाह्लीक’ हेंच नांव दिलें आहे. केशर आणि हिंग ह्या दोन अगदीं भिन्न वस्तूंस एकाच देशाचें नांव पडतें, ह्याचें सरळ स्पष्टीकरण हेंच कीं, दोन्हीं बाल्हीकाच्या, म्हणजे आजच्या बल्खच्या वाटेनें येत. येथें नांवानें शेत दाखविलें नसून काफल्याची वाट दाखविली आहे.

सैंधवाविषयीं फार लिहिण्याची आवश्यकता नाहीं. तें खनिज असल्यामुळें त्याची खाण जागची हलत नाहीं. झेलम व सिंधु ह्या नद्यांमधील डोंगरांत खेवडा येथें तें आजहि निघतें. जेवतांना सैंधव मागितलें तर मीठ आणावें आणि प्रवासास निघतांना मागितलें तर घोडा आणावा, हें शास्त्रग्रंथांतील उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. एकाच सिंधुदेशावरून दोन वस्तूंस एकच नांव पडलें, आणि अर्थाचा निर्णय प्रकरणानें केला.

४

आतां आगतार्थी नांवें पाहूं. ह्या वर्गांत बंदरांचा भरणा मोठा आहे, आणि तो असावयाचाच. कारण ग्राहकाच्या दृष्टीस मळा पडत नाहीं, गलबत पडतें.

मोखा हें येमेन देशाचें तांबड्या समुद्रावरील बंदर. त्या रुक्ष किनाऱ्यावर कॉफीचें झाड वाढत नाहीं. कॉफी आंतील डोंगराळ मुलखांत पिके, आणि मोख्याच्या वखारींतून जगभर जाई. नांव मात्र बंदराचें झालें. पुढें जावा वगैरे प्रदेशांत लागवड वाढल्यावर त्या बंदराचा व्यापार खालावला, तरी नांव राहिलेंच. आज तर चॉकलेट मिसळलेल्या कॉफीसहि तेंच लावतात. पोर्तुगालांतील पोर्ट नांवाच्या मद्याचीहि हीच कथा आहे. त्याचीं द्राक्षें दोरु नदीच्या खोऱ्यांत वरच्या अंगास होतात, आणि इ. स. १७५६ मध्यें त्या प्रदेशाच्या सीमाहि सरकारनें आंखून दिल्या. परंतु नांव पडलें तें नदीच्या मुखाजवळील पोर्तु शहरावरून, कारण माल तेथून जहाजावर चढे.

आपल्या मोसंबीचें नांव मोझांबिकवरून आलें, हें सामान्यतः मान्य आहे. पोर्तुगालहून गोव्यास येणारीं जहाजें मोझांबिक बेटावर थांबत, हें लक्षांत घेतलें म्हणजे नांवाचा उलगडा होतो. पण त्यावरून मोसंबी मूळची आफ्रिकेंतील, असें म्हणतां येईल काय ? लिंबू-नारिंगाच्या सर्व वर्गाचें मूळस्थान हिमालयाचा आग्नेयेकडील पायथा व त्यालगतचा प्रदेश, असें २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनानें दाखविलें आहे. म्हणजे ज्या कुळाचे पूर्वज आपल्या शेजारून पश्चिमेस गेले, त्याच कुळांतील एक फळ आफ्रिकेच्या बंदराचें नांव घेऊन कोंकणच्या किनाऱ्यावर परत उतरलें.

उलट बाजूनेंहि हेंच घडलें आहे. अरबांनीं चिंचेस ‘तमर् हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर म्हटलें, आणि युरोपीय भाषांनीं तेंच नांव उचललें. चिंच ही खजूर नव्हे, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ तिचें मूळ आफ्रिकेंत मानतात. मिरची अमेरिकेंतील, परंतु जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फुक्स ह्यानें १५४२ सालच्या आपल्या ग्रंथांत तिला कालिकतचें मिरें म्हटलें आहे. अमेरिकेंतील टर्की नांवाच्या पक्ष्यास इंग्रजांनीं तुर्कस्तानचें नांव दिलें, तर डच लोक त्यास आपल्या भाषेंत कालिकतची कोंबडी म्हणूं लागले. ह्या नांवांवरून कालिकतच्या शेतीचा इतिहास कोणी लिहूं लागला, तर तो हास्यास्पद ठरेल. मात्र सोळाव्या शतकांत युरोपीय मनांत कालिकतची प्रतिष्ठा किती होती, ह्याचा हा बिनतोड पुरावा आहे.

५

ह्या सर्वांत बोधप्रद उदाहरण साखरेचें. हिंदींत साखरेस चिनी म्हणतात, खडीसाखरेस मिस्री म्हणतात, आणि गुजराथींत साखरेस मोरस म्हणतात. ‘मोरस साखर’ हा शब्द मराठींतहि रूढ होता. म्हणजे चीन, मिसर आणि मॉरिशस हे तीन देश साखरेच्या नांवांत उभे आहेत. ‘नांव तेथें जन्म’ हें प्रमेय खरें मानलें, तर साखरेस तीन जन्मस्थानें मानावीं लागतील, आणि त्यांत आपला देश नसेल.

वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. संस्कृत ‘शर्करा’ हा शब्दच फारसी-अरबीमार्गें युरोपांत गेला, आणि ‘खंड’ हा शब्द इंग्रजींत मिठाईचें नांव होऊन बसला. चीनच्या तांग राजवंशाच्या इतिहासांत नोंद आहे कीं, साखर करण्याची कृति शिकून घेण्याकरितां तेथील सम्राटानें मगध देशास माणसें पाठविलीं. ही गोष्ट इ. स. ६४७ ची, म्हणजे हर्षवर्धनाच्या काळाची. चीननें विद्या मगधांतून नेली, आणि कालांतरानें मगधाच्याच मुलखांतील लोक साखरेस चिनी म्हणूं लागले ! ह्यांत अन्याय कांहीं नाहीं. एका विशिष्ट काळीं शुभ्र साखरेची जी जात बाजारांत नांवाजली गेली, तिला ग्राहकानें तिच्या पेठेचें नांव दिलें ; मूळ कृतीचा इतिहास त्यानें विचारला नव्हता.

मोरस ह्या नांवाची कथा अधिक जवळची आणि अधिक कष्टाची आहे. मॉरिशस बेटांत ऊंस मूळचा नव्हता. डच लोकांनीं तो १६३९ मध्यें जावाहून तेथें नेला. पुढें इंग्रजांच्या अमलांत, गुलामगिरी बंद होण्याच्या सुमारास, १८३४ पासून हिंदी मजूर कराराने तेथें नेण्यास प्रारंभ झाला. पाऊणशेंहून अधिक वर्षांत सुमारें साडेचार लक्ष माणसें त्या बेटावर उतरलीं. त्यांत मुंबई बंदरांतून गेलेले मराठी बोलणारेहि होते, आणि त्यांचे वंशज आज तेथें गणेशचतुर्थी साजरी करतात. ज्या घाटावर हे मजूर उतरत, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारशांत गणला जातो. त्यांच्या घामावर पिकलेली साखर मुंबईच्या बाजारांत ‘मोरस’ ह्या नांवानें आली, आणि येथील माणसानें ती परदेशी वस्तु म्हणून विकत घेतली. नांवानें बेट सांगितलें. राबणारे हात कोणाचे, तें सांगितलें नाहीं. नांवापाशींच थांबणारा संशोधक इतिहासाचा केवढा भाग गमावतो, तें ह्यावरून दिसून येईल.

६

कांहीं नांवांत तर स्थळ मुळींच नसतें. तें आपण मागाहून बसवितों. पेरू हें त्याचें ठळक उदाहरण. फळ अमेरिकेंतील आणि देशहि अमेरिकेंतील, त्यामुळें नांवाचा मेळ सहज बसतो. माझाहि तसाच बसला होता. परंतु शेजारच्या भाषा पाहिल्या म्हणजे निराळाच प्रकार दिसतो. कोंकणींत ह्या फळास ‘पेर’ म्हणतात, बंगालींत ‘पेयारा’ म्हणतात. पोर्तुगीज भाषेंत ‘पेरा’ म्हणजे नासपती. हिंदींतील ‘अमरूद’ हा शब्दहि फारसी असून त्याचा मूळ अर्थ नासपतीच आहे. म्हणजे नवें फळ पाहिल्यावर एका भाषेनें पोर्तुगीजांची नासपती आठवली आणि दुसरीनें इराणची. दोन स्वतंत्र वाटांनीं आलेलीं हीं नांवें एकच अर्थ दाखवितात. त्यामुळें पेरू देशाचा ह्या नांवाशीं संबंध जोडणें मला आतां सोडून द्यावें लागतें. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणाच्या वाचनांत हा लेख आला, तर त्यांनीं आपल्या वहींत दुरुस्ती करावी.

संत्रें हा शब्द पोर्तुगालांतील सिंत्रा गांवावरून आला, असें कित्येकांनीं लिहिलें आहे. परंतु बाबरानें आपल्या आत्मवृत्तांत हिंदुस्थानांतील फळांमध्यें ‘संगतरा’ नोंदविला आहे, आणि बाबर १५३० मध्यें वारला. पोर्तुगीज प्रथम आले १४९८ मध्यें, तेहि मलबारच्या किनाऱ्यास. अवघ्या तीस-बत्तीस वर्षांत त्यांच्या एका गांवाचें नांव उत्तर हिंदुस्थानांतील फळास चिकटून, तेथील नित्याचें नांव म्हणून बाबराच्या कानीं पडावें, हें संभवनीय वाटत नाहीं. मका हा शब्द मक्केवरून आला, ह्या समजुतीस ध्वनिसाम्यापलीकडे आधार हवा. इटालियन लोक त्याच धान्यास तुर्की धान्य म्हणतात, हें येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. सुक्या बोंबिलांस इंग्रज ‘बॉम्बे डक’ म्हणत, तें डाकगाडीवरून, ही कथा तर कालगणनेनेंच खोटी पडते. मुंबईस आगगाडी सुरू झाली १८५३ मध्यें, आणि हा शब्दप्रयोग एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांतील इंग्रजी लिखाणांत छापलेला आहे.

७

येणेंप्रमाणें विचार केल्यावर पुढील नियम सुचतात. प्रथम, नांवाचा सर्वांत जुना लेखी उल्लेख कोणत्या सालचा, तें पाहावें. दुसरें, नांव कोणी ठेविलें तें पाहावें. स्थलनाम बहुधा बाहेरचा माणूस ठेवितो. नागपुरांतील गृहस्थ आपल्या बागेंतील फळास नुसतें संत्रेंच म्हणेल, ‘नागपुरी’ हें विशेषण पुण्या-मुंबईच्या बाजारांत लागतें. तिसरें, वनस्पति, भूमि व कृति ह्यांची स्वतंत्र साक्ष घ्यावी. चौथें, माल कोणत्या वाटेनें व कोणत्या जकातीच्या नाक्यावरून येई, तें शोधावें. ध्वनिसाम्याचा विचार सर्वांच्या शेवटीं करावा, आणि तोहि भीत भीत.

ह्यावर कोणी म्हणेल, ‘मग गरीब कारागिरांच्या अर्जाचें काय ?’ ह्याचें उत्तर प्रत्यक्ष कायद्यांतच आहे. भौगोलिक मानांकनाचा आपला कायदा १९९९ चा असून तो १५ सप्टेंबर २००३ पासून अमलांत आला. त्यांत मालाचा गुण, लौकिक किंवा अन्य विशेष त्या प्रदेशामुळें आहे काय, हें पाहतात. आणि तयार मालाच्या बाबतींत उत्पादन, प्रक्रिया अथवा तयारी ह्यांपैकीं एखादी क्रिया त्या प्रदेशांत होणें पुरेसें मानलें आहे. पतंजलीच्या भाषेंत बोलावयाचें तर, कायदा वालवाय पर्वताचा शोध घेत नाहीं. विदूर येथें होणारा संस्कारहि तो मान्य करतो. बंगालच्या रसगुल्ल्यास १४ नोव्हेंबर २०१७ रोजीं मानांकन मिळालें, आणि ओरिसाच्या रसगोळ्यास २९ जुलै २०१९ रोजीं. दोन्हीं नोंदी एकाच दफ्तरांत नांदत आहेत. आद्य जन्म कोणाचा, ह्या वादाचा निकाल त्यांतून लागला नाहीं आणि लागण्याची गरजहि नव्हती. तेव्हां पेढ्याची कीर्ति आणि कारागिराचें कसब सिद्ध करण्यास शिवकालाची खोटी साक्ष लागत नाहीं. उलट, एकदां खोटी साक्ष दिली म्हणजे प्रतिपक्ष ती खोडून काढतो, आणि तिच्याबरोबर खऱ्या कीर्तीविषयींहि संशय उत्पन्न होतो. अशा अर्जांस त्रैमासिकांतील लेख जोडले जाण्याचा संभव असल्यामुळें आपणां लेखकांवरील जबाबदारी वाढली आहे.

त्या मंडळींस मीं मागाहून पत्र लिहिलें. जुन्या दुकानांच्या रोजकीर्दी, यात्रेच्या हिशेबांचे कागद, बाजारनिरख, आणि पुण्याच्या पेशवे दफ्तरांतील त्या परगण्याचीं जकातीचीं मोडी पत्रें इतकें तरी आधीं पाहावें, असें त्यांत सुचविलें आहे. मोडी वाचून देण्याचें कामहि पत्करलें आहे. त्यांपैकीं एका दुकानाच्या चोपड्यांचें गांठोडें गेल्या महिन्यांत मजकडे पोंचलें. वाचन चालू आहे. त्यांत पेढा सांपडला तर सालासह प्रसिद्ध करीन, आणि न सांपडला तर तेंहि प्रसिद्ध करीन.